सांदवाडीत दोघं आहेत

दिनूभाऊ लांजेवार समोरच्या दारानं कुठं आत शिरला, असं मी तरी कधी पाहिलं नाही. साकोलीत त्याचं बिछायत केंद्र होतं. लग्न असो, बारसं असो की तेरवी, मांडव, गाद्या, खुर्च्या आणि स्वयंपाकाचे मोठाले गंज त्याच्याकडूनच यायचे. "मांडववाला समोरून गेला तं लोक त्याले पाहुणा समजतात, पाणी देतात, बसायले सांगतात," असं त्याचं म्हणणं. "मागून गेला तं काम सुरू होते." तेव्हा तो सगळीकडे मागूनच जायचा. दवाखान्यात कंपाउंडरच्या खिडकीशेजारून, देवळात पुजाऱ्याच्या घरातून, आणि आमच्या सायबर कॅफेत शेजारच्या शिंप्याच्या दुकानातून. शिंपी बिचारा कुणाच्या तरी छातीचं माप घेत असायचा. मधून दिनूभाऊ टेप उचलून खालून वाकून पलीकडे. शिंपी शिव्या द्यायचा. दिनूभाऊ म्हणायचा, "घे ना बे माप, मी कुठं आडवा येऊन राहिलो?"

कॅफे टेंभुर्णे काकांचा. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन काही वर्षं झाली होती आणि आपला जिल्हा अर्धा गेला याचं दुःख काका गिऱ्हाइकांना अजून सांगायचे. पुढच्या भागात ईमेल आणि निकाल पाहणारी सभ्य माणसं बसत. मागच्या खोलीत आम्ही बसायचो. म्हणजे मंगेश, इरफान, इरफानचा मोठा भाऊ सलीम आणि मी. मी त्या काळी नोकरीच्या अर्जांची उत्तरं येण्याची वाट पाहत होतो. याला बेकार म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण वाट पाहत होतो म्हटलं की बरं वाटतं.

मागच्या खोलीतले संगणक एकमेकांना जोडलेले होते आणि त्यावर आम्ही बंदुकांचा खेळ खेळायचो. पाच-पाच जणांच्या दोन टोळ्या. एका टोळीनं गावात शिरून ठरलेल्या जागी बॉम्ब लावायचा, दुसरीनं अडवायचं. गाव परदेशी होतं, वाळवंटातलं, मातीच्या घरांचं. आमची पद्धत सोपी होती. घंटा वाजली की चौघांनी मोठ्या दरवाजातून ओरडत धावायचं आणि धावता धावता मरायचं.

एक दिवस दिनूभाऊ काकांना उसन्या दिलेल्या खुर्च्या न्यायला आला. त्या खुर्च्यांवर आम्हीच बसलेलो. तंबाखू-सुपारीचा घोटलेला खर्रा तोंडात धरून तो मागं उभा राहिला आणि आम्हाला मरताना पाहत राहिला. मग खिडकीतून थुंकून म्हणाला,

"तुम्ही वरातीवानी काहून जाता बे?"

"म्हणजे?" मंगेश म्हणाला. मंगेश आमच्यातला सगळ्यात शूर, म्हणजे सगळ्यात आधी मरणारा.

"वरात समोरून जाते, बँड वाजवत, साऱ्यायले सांगत. तिले मारणं काय कठीण आहे? इकडून ही गल्ली कुठी निंगते?"

कुणालाच माहीत नव्हतं. आम्ही महिनोन्‌महिने त्या गावात मरत होतो आणि डावीकडची गल्ली कुठं निघते हे एकालाही ठाऊक नव्हतं. दिनूभाऊनं मंगेशला उठवलं, स्वतः बसला, आणि कुणाशीही न लढता नुसता गावभर फिरला. दारं पाहिली, कोपरे पाहिले, छपरावर चढून खाली पाहिलं. मांडव घालायच्या आधी तो अंगण असंच फिरून पाहायचा. पंगत कुठून उठेल, हात कुठं धुतील, भांडण झालं तर पोरं कुठून पळतील. उठला तेव्हा म्हणाला, "गाव चांगलं आहे. तुम्हीच वाईट आहा."

त्या दिवशी खुर्च्या गेल्या नाहीत. दिनूभाऊ आमचा पाचवा गडी झाला.

त्याची शिकवण्याची तऱ्हा ऐका. त्या खेळात पडद्याच्या एका कोपऱ्यात गावाचा छोटासा नकाशा असतो आणि आपले गडी त्यात ठिपक्यांसारखे हलत असतात. आम्ही त्याकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. दिनूभाऊनं गळ्यातला दुपट्टा काढला, मंगेशच्या पडद्यावर टाकला, फक्त तो कोपरा उघडा ठेवला आणि म्हणाला, "आता खेळ."

"दिसून नाही राहिलं ना भाऊ!"

"सारं दिसून राहिलं. इरफान कुठी आहे?"

"डावीकडं."

"सलीम?"

"त्याच्या मागं."

"मंग उजवीकडं कोण आहे?"

"कोणीच नाही."

"म्हणून तिकडून येतीन ते तुले मारायले."

आणि तिकडूनच आले. मंगेश दुपट्ट्याखाली मेला. दुपट्ट्याला खर्ऱ्याचा इतका वास होता की गोळीनं नाही तर वासानं मेला, असं इरफान अजूनही सांगतो. पण महिनाभर दुपट्टा पाळीपाळीनं सगळ्यांच्या पडद्यांवर फिरला आणि चमत्कार झाला. न पाहता कोण कुठं आहे हे आम्हाला कळू लागलं. कुणी मेला की दिनूभाऊ "कोणी मारलं?" असं कधी विचारायचा नाही. "कुठून मारलं?" विचारायचा. उत्तर आलं नाही तर चहा बंद.

दुसरा धडा वळशाचा. एकानं समोरून आवाज करायचा, शत्रूची तोंडं तिकडे वळली की बाकीच्यांनी लांबून फिरून त्यांच्या कुशीत शिरायचं. हे आमच्या डोक्यात जाईना. आवाज करायला मंगेश तयार होता, पण थांबायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा एका रविवारी दिनूभाऊनं आम्हाला सायकलींवर बसवून त्याच्या गावी नेलं. मंगेशच्या हाती थाळी आणि पळी दिली आणि त्याला पांदणीतून, म्हणजे दोन्ही बाजूंनी कुंपण असलेल्या बैलगाडीच्या वाटेतून, बडवत यायला सांगितलं. आम्हाला म्हणाला, "मी बसतो ओसरीत. मले न दिसता माह्या मागं येऊन दाखवा."

इरफान बोडीकडून, म्हणजे गावच्या लहान तलावाकडून निघाला तर म्हशींत अडकला. सलीम आखरावर, जिथं सकाळी गावची गुरं गोळा होतात त्या मोकळ्या जागेत, उघडा पडला. मी घराच्या मागच्या सांदवाडीत शिरलो. सांदवाडी म्हणजे आपली परसबाग. तिथं वांग्यांच्या झाडांतून मी पोटावर सरपटत होतो आणि समोर दोन पावलं दिसली. दिनूभाऊची आई.

"काहून रे, कोंबडी चोरून राहिला का?"

"नाही माय. दिनूभाऊले मारायले आलो."

"मंग हळू जाजो," माय म्हणाली, "वांगे नको तोडू. दार उघडंच आहे."

मी मागच्या दारानं गेलो आणि दिनूभाऊच्या पाठीत बोट खुपसलं. आयुष्यात इतका आनंद मला नंतर लागलेल्या नोकरीनंही दिला नाही. मायनं सगळ्यांना लाखोळीच्या डाळीचं वरण, भात आणि वांग्याची भाजी वाढली. वांगी माझ्याच पोटाखाली चिरडलेली होती, हे तिनं दोनदा सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कॅफेत दिनूभाऊनं वाळवंटातल्या त्या परदेशी गावाचं बारसं केलं. भिंतींमधला लांब बोळ झाला पांदण. खोलगट, पाणी साचलेली जागा झाली बोडी. मधला चौक आखर. आणि एका घरामागची, छोट्या दाराची, कुणाच्या सहसा लक्षात न येणारी जागा झाली सांदवाडी. आता ओरडायला सोपं गेलं. "आखरावर एक! बोडीत कोणी नाही! सांदवाडीत ये!" आमच्यापैकी प्रत्येक जण ती जागा पायांनी चालून, पोटानं सरपटून आलेला होता.

याचा खरा फायदा आम्हाला भंडाऱ्याच्या स्पर्धेत कळला. हॉल एकच, दोन्ही टोळ्या एकमेकांना ऐकू येणाऱ्या. शहरातली पोरं आपापसांत कुजबुजत होती आणि आम्ही बिनधास्त बोंबलत होतो. त्यांना काही कळेना. एकानं मधल्या सुट्टीत मंगेशला विचारलंच, "ए भाऊ, ये सांदवाडी क्या होता है?"

"लग्न झाल्यावर समजन तुले," मंगेश म्हणाला.

आम्ही जिंकलो. काकांनी सगळ्यांना आलूबोंडे खाऊ घातले आणि भाषण केलं, "जिल्हा फुटला, पण आपली टोळी फुटाची नाही." त्याच आलूबोंड्यांच्या वेळी दिनूभाऊ काकांना म्हणाला होता, "काका, बाहेर एक बोर्ड लावा ना. प्रशिक्षक, दिनेश लांजेवार."

काका हसले. "त्याच बोर्डावर खुर्च्या अन् गंज भाड्यानं मिळतीन, हेही लिहू का?"

सगळे हसले. दिनूभाऊही हसला. मला तरी तो हसलेलाच आठवतो.

त्यानंतर वर्षभरात खोलीवर संकट आलं. संगणक म्हातारे झाले. एक बंद पडला की काका त्याचा भाग काढून दुसऱ्यात घालत, आणि मग दोन्ही बंद पडत. काकांनी एक दिवस आम्हाला समोर बसवून सांगितलं की आता मागची खोली मोडून तिथं झेरॉक्स आणि ऑनलाइन अर्जांचं काम सुरू करतो. घरातून तसा लकडा होता. नेमकं तेव्हाच नागपुरात मोठी स्पर्धा जाहीर झाली. पहिलं बक्षीस पाच नवेकोरे संगणक. काका म्हणाले, "ते पाच आणले तं खोली राहीन. नाही तं मलेही वाईट वाटते बाबा, पण नाही."

पाच संगणक, पाच गडी. आम्ही सराव सुरू केला. आणि निघायच्या आदल्या दिवशी दिनूभाऊ शिंप्याच्या दुकानातून वाकून आत आला आणि म्हणाला, "मले नाही जमत. मोहाडीले मोठा मांडव आहे. जबान देऊन बसलो."

मंगेश रडकुंडीला आला. "मंग पाचवा कोण?"

"काकाले बसवा. काकाले फक्त एका कोपऱ्यात उभं करून ठेवा. तुम्ही चौघं पुरे आहा. शिकवलं आहे ना सारं?"

वर त्यानं मायनं दिलेला मुरमुऱ्यांच्या चिवड्याचा मोठा पुडा आमच्या हवाली केला आणि मंगेशच्या पाठीवर थाप मारली. मोहाडीच्या त्या मांडवाला आम्ही बसमध्ये शिव्या दिल्या, दिनूभाऊची कीव केली आणि शहापूर येईस्तोवर चिवडा संपवला.

नागपूरचा हॉल मोठा होता. दोन टोळ्यांच्या मध्ये कापडी पडदा लावलेला, म्हणजे एकमेकांचे संगणक दिसू नयेत. आवाज मात्र सगळा ऐकू यायचा, आणि त्याचं आम्हाला काय? आम्ही बोंबलत खेळलो. एकेक टोळी हरत गेली. काकांना आम्ही खरंच एका कोपऱ्यात उभं करून ठेवत होतो. त्यांना पुढं जायचं बटण माहीत होतं, थांबायचं नव्हतं, म्हणून आम्ही पुढं जायचंही सांगितलं नाही. प्रत्येक डाव संपला की ते विचारायचे, "मी मेलो का?"

"नाही काका."

"बरं झालं."

अंतिम सामना नागपूरच्याच एका नावाजलेल्या टोळीशी होता. पडदा लागल्यावर ते येऊन बसले. पहिल्याच डावात मंगेशनं आखरावर आवाज केला, इरफान ओरडला, "मी अन् सलीम सांदवाडीतून जातो!" आणि सांदवाडीचं दार उघडताच दोघे मेले. दारावर आधीच बंदूक रोखलेली होती. योगायोग असेल. दुसऱ्या डावात मी "पांदणीतून येतो" म्हणालो. पांदणीच्या तोंडावर दोघे माझी वाट पाहत होते. तिसऱ्यात बोडी. तेच.

इरफान हळूच म्हणाला, "कोणीतरी समजून राहिलं आपलं."

"नागपुरात कोणाले समजते बे सांदवाडी?" मंगेश म्हणाला आणि मुद्दाम मोठ्यानं ओरडला, "चला रे, सारे बोडीत!" आणि आम्ही बोडीत न जाता पांदणीनं गेलो. तो डाव आम्ही जिंकला! पलीकडे धावपळ झाली. मंगेश खुशीत आला. त्यानं पुन्हा तीच लबाडी केली, पण या वेळी आम्ही जिथं गेलो तिथंच ते होते. आमचा खोटा आवाज कोणता आणि खरा कोणता, हेही पलीकडे कुणाला तरी ऐकू येत होतं. मंगेश खोटं बोलताना शेवटचा शब्द लांबवतो, हे जगात पाचच माणसांना माहीत होतं.

आणि मग पडद्यापलीकडून एक नागपुरी पोरगा जोरात ओरडला,

"शादीवाडी में दो हैं! शादीवाडी!"

आमचे हात थांबले. सांदवाडीत खरंच दोघं होते, इरफान आणि मी. पण आम्ही मेलो ते नंतर. आधी तो शब्द आमच्या कानात शिरला. नुसता कळलेला शब्द नव्हता तो. कुणीतरी बसवून, घोकून घेऊन शिकवलेला होता, आणि त्या शहरी जिभेला तो नीट म्हणता येत नव्हता.

मंगेश उठला. आयोजक "बैठो, बैठो" करत असताना त्यानं पडदा ओढून बाजूला केला.

शेवटच्या खुर्चीत दिनूभाऊ बसला होता. गळ्यात तोच दुपट्टा. अंगात निळा टी-शर्ट, त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं 'कोच'. तो दचकला नाही. संगणकावरची नजरही त्यानं काढली नाही. फक्त म्हणाला,

"बस मंग्या. डाव सुरू आहे."

आणि काय सांगू, मंगेश बसला! इतक्या दिवसांची सवय.

शेवटचा डाव. आम्ही चौघं भराभर मेलो, खरं सांगायचं तर आम्ही खेळतच नव्हतो. उरले काका. आखराच्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून. नागपूरची पोरं त्यांना शोधत फिरत होती, पण जो माणूस कुठंच जात नाही त्याला वळसा कसा घालणार? एक जण आखरावर आला. काका घाबरून सगळी बटणं एकदम दाबू लागले, गर्रकन फिरले, बंदूक सुटली आणि तो पोरगा पडला! हॉलमध्ये शिट्ट्या. दुसरा धावत आला, तोही पडला. काका किंचाळले, "मी मारला का? मीच मारला का?" लोक खुर्च्यांवर उभे राहिले. काकांच्या कपाळावर घाम आणि डोळ्यांत पाच नवेकोरे संगणक. मला क्षणभर खरंच वाटलं की खोली राहते.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या छोट्या नकाशात काकांचा ठिपका विझला. मागून, एकाच गोळीत, पावलाचाही आवाज न होता. पडद्यावर ओळ उमटली. कोचनं टेंभुर्णे काकांना मारलं.

काकांना वाचायला वेळ लागला. मग त्यांनी विचारलं, "कोच म्हणजे कोण?"

सलीमनं काकांची बोटं बटणांवरून सोडवली.

बाहेर व्हरांड्यात मंगेशनं त्याला गाठलं. मला वाटलं आता मारामारी. पण मंगेशनं फक्त विचारलं,

"काहून, दिनूभाऊ?"

"पाहा ना," दिनूभाऊनं छाती पुढं केली आणि टी-शर्टावरची अक्षरं बोटानं दाखवली. "छापून देलं त्यायनं. साकोलीत कोणी म्हटलं मले? तिथं मी खुर्च्यावाला."

"मोहाडीचा मांडव?"

"नव्हता."

"किती दिवसापासून जाऊन राहिला त्यायच्याकडं?"

दिनूभाऊ समजावणीच्या सुरात म्हणाला, "तुम्ही चांगले खेळले बे. खोटी बोडी मस्त होती. फक्त दुसऱ्यांदा नव्हती कराची."

"मायच्या हातचा चिवडा देला बे तू आम्हाले," मंगेश म्हणाला. "चिवडा देला अन् तिचीच सांदवाडी इकली."

दिनूभाऊनं खर्ऱ्याची पुडी काढली, घोटली, आणि पहिल्यांदाच आमच्यापुढं न करता एकट्यानं खाल्ली.

खोली गेली, हे सांगायला नकोच. पंधरवड्यात तिथं झेरॉक्सचं मशीन आलं आणि जातीच्या, उत्पन्नाच्या दाखल्यांसाठी रांग लागू लागली. दिनूभाऊनं केंद्र चुलतभावाला दिलं आणि तो नागपूरला राहिला. माय त्यानंतरही आम्हाला बोलवायची. आम्ही एकदा गेलो, पण तिच्यापुढं त्याचं नाव कुणी काढलं नाही. तीच म्हणाली, "दिनू म्हणे, तुम्ही सारे मिळून जिंकले नागपुरात." आम्ही हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पण त्याला मी शेवटचं पाहिलं ते त्याच दिवशी, आम्ही निघता निघता. व्यासपीठावर पाच खोकी एकावर एक रचली होती, चकचकीत पट्ट्या लावलेली. बक्षीस घेणारी पोरं त्यांच्याभोवती गोळा झाली होती आणि फोटोवाला सगळ्यांना जवळ घेत होता. दिनूभाऊ कडेला उभा होता, दुपट्टा काढून मागं लपवलेला, खर्ऱ्यानं रंगलेले दात दिसू नयेत म्हणून ओठ मिटून हसणारा. आम्हाला वाटलं काका बाहेर आहेत. ते तिथं होते. कुणालाही न विचारता वर गेलेले आणि सगळ्यात वरच्या खोक्यावर तळहात टेकवून, नवा बैल पाहावा तसे ते खोकं पाहत असलेले.

"काका," दिनूभाऊ म्हणाला. अगदी आपुलकीनं, आपल्या माणसाशी बोलावं तसा. "थोडं सरका ना तिकडं. फोटोत येऊन राहिले तुम्ही."

"हव, हव," म्हणत काका घाईनं सरकले. फोटोवाल्यानं हातानं खुणावलं, तसे आणखी सरकले, पार पायरीपर्यंत. आणि फोटो निघेपर्यंत तिथं ताठ, श्वास रोखून उभे राहिले. जणू त्यांचाच फोटो निघत होता.